गावात देव-धर्म-नीतीवर खुली चर्चा सुरू करायचीय, भांडणं न होता जमेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तालुक्याच्या गावात वाचनालयाचा हॉल महिन्यातून एका रविवारी मिळतोय, तिथे देव, श्रद्धा, आयुष्याचा अर्थ, बरं-वाईट कशाला म्हणायचं अशा विषयांवर कोणीही येऊन बसावं अशी चर्चा सुरू करायची इच्छा आहे. वाचनालयाचे सेक्रेटरी म्हणतात धर्माचा विषय नको, उगाच राडा होईल, मित्र म्हणतात चार टाळकी येतील आणि तीच ती बडबड करतील, आणि घरात वडील माळकरी आणि तुम्ही देव न मानणारे, त्यामुळे वडिलांना बोलवावं की नाही हेही ठरत नाहीये. पहिला विषय 'देव आहे का?' ठेवू का असं शेवटी विचारलंय.

शेवटचं आधी सांगून टाकते. तो विषय ठेवू नका, निदान पहिलं वर्षभर तरी नको. का ते खाली येईलच.

मी असे कट्टे बरीच वर्षं चालवतेय, आधी कॉलेजच्या मुलांसोबत, मग एका वाचनालयात, मध्ये काही काळ सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये (तिथे मेंटेनन्सची थकबाकी आणि कर्मसिद्धांत एकाच वाक्यात यायचे, पण ते जाऊ दे). म्हणजे माझा अनुभव शहरी आणि निमशहरी महाराष्ट्रातला आहे. तुमच्या गावात कोणाचं कोणाशी काय आहे, गेल्या दोन-तीन वर्षांत काही तणाव झालाय का, वाचनालयाच्या कमिटीवर कोण आहे, यावर खूप काही अवलंबून आहे आणि ते मला इथून दिसणार नाही. नुकताच काही धार्मिक तंटा झाला असेल तर थांबा, सहा महिने-वर्ष जाऊ द्या, हे मात्र अगदी सरळ सांगते.

आता मूळ अडचणीकडे. सेक्रेटरीसाहेबांना वाटतं की मानणारे आणि न मानणारे समोरासमोर आले की भांडण होणारच. पण हीच माणसं एसटीत शेजारी बसली, दवाखान्यात नातेवाईकाजवळ रात्र काढत असली, दहाव्याला नदीवर कावळ्याची वाट बघत उभी असली की याच विषयांवर किती मोकळं बोलतात ते तुम्हीही ऐकलं असेल. रोज पूजा करणारा माणूस तिथे म्हणतो की मला कधीकधी काहीच वाटत नाही हो, आणि न मानणारा म्हणतो की आई गेली तेव्हा तिचे देव फेकवले नाहीत, अजून कपाटात आहेत. हॉलमध्ये तोच माणूस उभा राहून घोषणा दिल्यासारखा बोलतो, कारण समोर मेव्हणा बसलाय, मंडळातला मित्र बसलाय, मागच्या रांगेत कोणीतरी मोबाइल धरलाय, आणि एकदा चारचौघांत 'मी असं मानतो' म्हटलं की ते वाक्य सांभाळावं लागतं, माघार घेतली तर नाक कापलं जातं. माझ्या मते भांडण बघ्यांमुळे होतं, श्रद्धेला त्यात फार काही करावं लागत नाही. त्यामुळे चर्चा सगळ्यांसाठी उघडी ठेवायची आणि तरी तिची कुस्ती होऊ द्यायची नाही, एवढं एकच काम चर्चा चालवणाऱ्याला असतं आणि मी पुढे जे काही सांगतेय ते सगळं त्यासाठीच आहे.

आपल्याकडे दोन्ही तऱ्हा जुन्या आहेत बरं का. १८५७ साली मुंबईत समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे जाहीर वाद झाले, लोक गर्दी करून ऐकायला जायचे, आणि पुढे दोन्ही बाजूंनी त्या वादांचे आपापले वृत्तांत छापले. तो काळच तसा होता, धर्मांतराचा प्रश्न समोर होता, कोणीतरी उभं राहून उत्तर देणं अनेकांना गरजेचं वाटत होतं, त्यामुळे मी त्याला नावं ठेवत नाही. पण तो सामना होता. त्याच्याही तीनेकशे वर्षं आधी एकनाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' रचला, त्यात दोघं एकमेकांच्या रूढींची अक्षरशः सालं काढतात, एकही टोमणा सोडत नाहीत, आणि शेवटी आलिंगन देतात. मला त्यातली गंमत ही वाटते की शेवट गोड असला तरी मधलं काही गुळमुळीत केलेलं नाही. आणि गाडगेबाबा तर कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत सुटायचे, लोक ओरडून उत्तरं द्यायचे, त्या उत्तरातून बाबा पुढचा प्रश्न काढायचे, आणि शेवटी लोकांच्याच तोंडून निघालेल्या गोष्टींवर लोकांना उभं करायचे. १८६७ ची प्रार्थना समाजाची स्थापना, १८७३ चा सत्यशोधक समाज, १८७५ ला पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला, हे सगळं आपल्या मागे आहे, त्यामुळे कोणी म्हणालं की धर्मावर उघड बोलणं हे बाहेरून आलेलं फॅड आहे तर त्याला हे शांतपणे सांगा. फक्त व्याख्यानमालेची सवय आपल्याला इतकी लागलीय की चर्चा म्हटलं तरी आपण स्टेज, हार आणि अध्यक्ष मांडून बसतो. त्यावर येतेच.

आधी विषय. 'देव आहे का' ला दोनच उत्तरं आहेत आणि प्रत्येकजण आपलं उत्तर घरून तयार करून आणतो. पहिल्या पाच मिनिटांत हॉलचे दोन भाग पडतात आणि पुढचा दीड तास दोन्हीकडून तेच फेकलं जातं, 'मग हे विश्व कोणी निर्माण केलं' आणि 'मग देवाला कोणी निर्माण केलं'. 'श्रद्धा की अंधश्रद्धा' या विषयाचंही तेच होतं, सगळे मान डोलावतात की अंधश्रद्धा वाईट, आणि प्रत्येकाच्या मनात अंधश्रद्धा म्हणजे शेजाऱ्याची. आणि 'आयुष्याचा अर्थ काय' असं थेट विचारलंत तर व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी येतात तसली उत्तरं मिळतील, फुलाच्या फोटोसकट.

मी सुरुवात नेहमी 'अशा वेळी काय करावं' या प्रकारच्या प्रश्नाने करते, आणि तोही खरा घडलेला प्रसंग घेऊन. माझा सगळ्यात भरवशाचा विषय म्हणजे अरुणा शानबाग यांचं प्रकरण. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स, २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला, मेंदूला इजा झाली आणि त्या पुन्हा कधी भानावर आल्या नाहीत. पत्रकार पिंकी विराणी सुप्रीम कोर्टात गेल्या की हे जगवत ठेवणं थांबवा. केईएमचे डॉक्टर आणि नर्सेसनी विरोध केला, त्या आमच्या आहेत, आम्ही सांभाळतोय आणि सांभाळू, अशी त्यांची भूमिका होती. ७ मार्च २०११ ला कोर्टाने याचिका फेटाळली, अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा हक्क हॉस्पिटलच्या लोकांचा मानला, पण काही अटींवर उपचार थांबवण्याची वाट पहिल्यांदा उघडली. अरुणा १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेल्या. पुढे ९ मार्च २०१८ ला घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि शेवटच्या उपचारांबद्दल आधी लिहून ठेवलेलं इच्छापत्र दोन्ही मान्य केलं आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया थोडी सोपी केली.

हे एवढं मी पाच-सात मिनिटांत सांगते आणि एकच प्रश्न टाकते, त्या वॉर्डात नर्स म्हणून तुमची ड्युटी असती तर तुम्हाला काय योग्य वाटलं असतं? गंमत बघा, इथे मानणारे एकीकडे आणि न मानणारे दुसरीकडे असं होतच नाही. एखाद्या हरिभक्त आजी म्हणतात सोडवायला हवं होतं त्या जीवाला, आणि कट्टर विवेकवादी प्राध्यापक म्हणतात की असा निर्णय दुसऱ्याने घेणं मला पटत नाही. कोणी म्हणतं की त्या नर्सेसनी केलं तीच खरी पूजा, आणि लगेच कोणी विचारतं की पूजा करणाऱ्याला बरं वाटतंय पण देवाला विचारलं का? आपल्याच बाजूचा माणूस समोरच्या बाजूला बसलेला दिसला की माणूस पहिल्यांदा विचार करायला लागतो, कारण पाठ केलेलं उत्तर तिथे चालत नाही. आणि तासाभराने देव आपोआप येतो, आत्मा येतो, प्रारब्ध येतं, पण आता ते कोणाच्या तरी अनुभवातून आलेलं असतं, सासऱ्यांच्या व्हेंटिलेटरचा निर्णय ज्याने घेतलाय असा एक तरी माणूस त्या हॉलमध्ये निघतोच.

याचाच पुढचा विषय म्हणून प्रायोपवेशन, म्हणजे अन्न सोडून मरण स्वीकारणं, घेता येतं. विनोबा भावे, गीतेत आयुष्य घालवलेला माणूस, त्यांनी १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये पवनारला अन्न आणि औषध नाकारलं आणि १५ तारखेला गेले. सावरकर, ज्यांनी गाय हा उपयुक्त पशू आहे असं लिहिलं, त्यांनी १९६६ च्या फेब्रुवारीत तेच केलं आणि २६ तारखेला गेले. दोघांची श्रद्धेची बैठक पूर्ण वेगळी, शेवटचा निर्णय मात्र सारखा. आणि जैनांच्या संथारा या आमरण उपवासाच्या व्रतावर राजस्थान हायकोर्टाने १० ऑगस्ट २०१५ ला बंदी घातली आणि त्याच महिन्याच्या शेवटी सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली, हेही जोडून घेता येतं. विषय फार चांगला आहे, पण एक व्यावहारिक सूचना, सावरकरांचं नाव निघालं की अर्ध्या हॉलला अंदमान आठवतं आणि उरलेल्या अर्ध्याला माफीनामे, आणि मूळ प्रश्न तिथेच मरतो. त्यामुळे गट मुरल्याशिवाय हा विषय घेऊ नका, किंवा फक्त विनोबा आणि संथारा घ्या.

बाकी विषय तुमच्या गावातूनच निघतील. देहदान केलेल्या वडिलांचं बारावं घालायचं का, मुलीने अग्नी दिला तर काय बिघडलं, दुकानाच्या पहिल्या दिवशी पूजा केली आणि दुसऱ्या दिवशी मापात मारलं तर ती पूजा काय होती, आंतरजातीय लग्नात कोणाचा विधी. अर्थाबद्दल बोलायचं असेल तर मी विचारते, असं कोणतं काम आहे जे तुम्ही काही मिळत नसताना वर्षानुवर्षं करताय? एक निवृत्त लाइनमन म्हणाले की मी रोज संध्याकाळी स्मशानभूमीतल्या झाडांना पाणी घालतो, देव नाही, धर्म नाही, कोणी सांगितलं नाही, पण एक दिवस गेलो नाही तर झोप लागत नाही. त्यावर पुढचा तासभर कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही.

आता एक नियम सांगते, जो माझ्या दृष्टीने बाकी सगळ्या नियमांच्या वर आहे. दुसऱ्याच्या दुःखाचं कारण सांगायचं नाही. अशा चर्चेला फक्त हौशी लोक येत नाहीत, काहीजण घरातून काहीतरी उरावर घेऊन येतात. तरुण मुलगा गेलेली बाई येते, बोलता बोलता विचारते की मी कोणाचं काय वाईट केलं होतं. त्या क्षणी हॉलमध्ये दोन प्रकारची माणसं तोंड उघडायला तयार असतात. एक म्हणणार की ताई, मागच्या जन्माचं देणं असतं. दुसरा म्हणणार की ताई, कारण वगैरे काही नसतं, हा निव्वळ योगायोग, म्हणूनच म्हणतो देव नाही. दोघांचा हेतू वाईट नसतो, पण दोघंही त्या बाईच्या मुलाला आपल्या मुद्द्याचं उदाहरण करून टाकतात. मी हे सुरुवातीलाच सांगून ठेवते, प्रत्येक वेळी, जुने लोक कंटाळले तरी. आपल्या स्वतःच्या दुःखाचा अर्थ तुम्ही हवा तसा लावा, प्रारब्ध म्हणा, परीक्षा म्हणा, योगायोग म्हणा, इथे कोणी हसणार नाही. समोरच्याच्या दुःखाचा अर्थ लावायचा नाही, विचारला तरी नाही. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नको असतं. अशा वेळी मी पाच मिनिटं चर्चाच थांबवते, पाणी फिरवते, कोणीतरी त्या बाईजवळ जाऊन बसतं. पुढे चर्चा तिथूनच सुरू करायची की विषय बदलायचा हे तिलाच विचारायचं.

मांडणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण निम्मं यश तिथे आहे. स्टेज नको. माईक नको, लोक पंचवीसच्या आत असतील तर माईकची गरजच नसते, आणि हातात माईक आला की आपल्याकडे माणूस आपोआप 'व्यासपीठावरील मान्यवर' म्हणायला लागतो. खुर्च्या गोलात. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, शाल-श्रीफळ काही नको, एकतर वेळ जातो आणि दुसरं म्हणजे प्रतिमा कोणाची ठेवायची इथूनच पहिला वाद होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अध्यक्षीय समारोप नको. आपल्या सभेत शेवटचं बोलणारा माणूस म्हणजे निकाल देणारा, तो बोलला की बाकीच्यांनी दोन तास जे सांगितलं त्यावर शिक्का बसतो. तुम्ही चर्चा चालवणार असाल तर तुम्हीही शेवटी सार सांगू नका, मोह होईल, तरी नको. त्याऐवजी शेवटची दहा मिनिटं गोलातून फेरी, ज्याला वाटेल त्याने एक वाक्य बोलावं, नको वाटलं तर 'पुढे' म्हणावं. हात वर करून मतदान तर अजिबात नको.

रेकॉर्डिंग आणि फेसबुक लाइव्हला पूर्ण बंदी, यावर तडजोड नाही. तरुण मंडळी म्हणतील रीच मिळेल, पण कॅमेरा आला की हॉलमधले पंचवीस जण बाजूला राहतात आणि माणूस न दिसणाऱ्या हजारांशी बोलायला लागतो. आणि संदर्भ तोडून कापलेली तीस सेकंदांची क्लिप गावात काय करू शकते हे तुम्हाला मी सांगायला नको. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केलात तर फक्त तारीख-वेळ कळवण्यापुरता, फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असा, नाहीतर रविवारची चर्चा सोमवारी रात्री अकराला पुन्हा पेटते आणि तिथे आवरायला कोणी नसतं.

बायका येतील पण बोलणार नाहीत, विशेषतः नवरा किंवा सासरे हॉलमध्ये असतील तर. याला 'ताई तुम्ही बोला ना' हा उपाय नाही, त्याने त्या अजून अवघडतात. मी प्रश्न टाकला की आधी पाच मिनिटं शेजारच्याशी जोडीने बोलायला लावते, जोड्या मी लावते, एका घरातले एकत्र नाहीत. मग मोठ्या गोलात येताना 'आमच्या जोडीत असं बोलणं झालं' असं सांगता येतं, स्वतःवर घ्यावं लागत नाही. ही युक्ती दिसायला साधी आहे पण याने जितका फरक पडला तितका दुसऱ्या कशाने पडलेला मी पाहिला नाही. ज्यांना तेवढंही नको त्यांनी चिठ्ठीवर लिहून द्यावं. चहा मध्यंतरात ठेवा, शेवटी नको, कारण खरं बोलणं चहाच्या वेळी होतं आणि ते पुन्हा गोलात आणता आलं पाहिजे.

आता येणारी माणसं. एक निवृत्त गृहस्थ येतील ज्यांचं वाचन दांडगं आहे आणि पंधरा मिनिटांच्या आत त्यांचं एक वाक्य पूर्ण होत नाही. त्यांना मधे तोडू नका, त्यांच्याकडे पुढच्या वेळची प्रसंग मांडण्याची पाच मिनिटं द्या आणि लेखी मागा. प्रवचनकार आले तर त्यांचा मान ठेवा पण त्यांना शास्त्रात काय सांगितलंय हे विचारू नका, त्यांनी स्वतः काय केलं ते विचारा. हाच प्रश्न विवेकवादी कार्यकर्त्यालाही, कारण त्यालाही पाठ असलेलं भाषण असतंच. दोघंही आपल्या आयुष्यातलं बोलायला लागले की आवाज खाली येतो. राजकीय पक्षाचा माणूस आला तर येऊ द्या, प्रमुख पाहुणा म्हणून नको.

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगते कारण ती सहज सुटते. 'देव मानता का' हा प्रश्न सगळ्यांना सारखा नसतो. ज्यांच्या घरात १४ ऑक्टोबर १९५६ नंतर, दीक्षाभूमीवरच्या बावीस प्रतिज्ञांनंतर, देव्हारा हलला, त्यांच्यासाठी देव न मानणं ही कॉलेजात सुचलेली शंका नाही, तो आजोबांनी माणूस म्हणून उभं राहायला घेतलेला निर्णय आहे. त्यांना कोणी सहज म्हणालं की अहो देव मानायला काय जातं, तर त्या वाक्याचं वजन बोलणाऱ्याला कळतही नाही. चर्चा चालवणाऱ्याला ते कळलं पाहिजे आणि तिथे थांबून विचारता आलं पाहिजे की यांच्या घरात हे कसं घडलं ते ऐकूया का. तसंच गावातले मुस्लिम किंवा ख्रिश्चन शेजारी आले तर 'तुमच्यात काय सांगितलंय' असं विचारू देऊ नका. तो माणूस त्याच्या अख्ख्या धर्माचा वकील म्हणून आलेला नाही, त्यालाही शंका असायचा हक्क आहे, आणि प्रतिनिधी केला की तो हक्क जातो. अरुणा शानबागच्या प्रश्नावर त्यालाही इतरांइतकंच, एक माणूस म्हणून विचारा.

पडताळून बघता येणाऱ्या गोष्टी मात्र वेगळ्या काढा. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, त्यात 'तुमचं मत तुमच्याजवळ, माझं माझ्याजवळ' असं नसतं, पृष्ठताण आणि केशाकर्षणाने दूध चमच्यातून कसं ओढलं जातं ते समजावून सांगता येतं, हॉलमध्ये चमचा आणून दाखवताही येतं. कोणी म्हणालं अमुक बाबांच्या अंगाऱ्याने शुगर जाते, औषध बंद करा, तर तिथे मी तटस्थ राहत नाही, सरळ सांगते की औषध बंद करू नका, हा चर्चेचा विषय नाही. पण 'मला आरतीत शांत वाटतं' याला कोणी चमचा लावायला गेलं तर त्यालाही थांबवते. या दोन्हीतली रेघ दरवेळी स्पष्ट नसते, ज्योतिष त्या रेघेवर उभं असतं, आणि तिथे तुम्हाला स्वतःचा निर्णय घ्यावा लागेल.

सेक्रेटरींच्या भीतीला हसू नका. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे 'काय होतंय' असं म्हणून ती उडवून लावण्यात अर्थ नाही. त्यांना दोन-तीन गोष्टी समजावून सांगा. मी वकील नाही, पण भारतीय न्याय संहितेचं कलम २९९, म्हणजे जुनं २९५अ, हे मुद्दाम आणि दुष्ट हेतूने धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि प्रामाणिकपणे केलेली चर्चा त्यात बसू नये. तरी तक्रार कोणीही करू शकतं आणि पोलीस स्टेशनच्या चकरा हीसुद्धा एक शिक्षाच असते, म्हणून विषयाचं नाव साधं ठेवा, पोस्टरवर खोचक काही लिहू नका, कोणाच्या दैवताची, संतांची, महापुरुषांची टर उडवली तर पहिल्याच वाक्याला थांबवा. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा म्हणजे वारी-कीर्तनावर घाला, असं अजूनही कोणी म्हणतं, तर प्रदक्षिणा, यात्रा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन यांना तो लागू नाही असं त्या कायद्यातच लिहिलेलं आहे, ते वाचून दाखवा. पहिल्या वेळी सेक्रेटरींना गोलात शेजारी बसवून घ्या. बाहेर खुर्ची टाकून बसले तर त्यांना फक्त आवाज ऐकू येतील आणि भीती वाढेल.

मित्र म्हणतात तसं चार टाळकी येतील हे बऱ्यापैकी खरं आहे. पहिल्या वेळी उत्सुकतेने गर्दी होते, मग ओसरते, ज्यांना जिंकायचं होतं ते जातात कारण इथे जिंकायला काही मिळत नाही, आणि मग हळूहळू दुसरी माणसं यायला लागतात. बारा-पंधरा जण नियमित आले तर मी ते भरपूर समजते. कोणाचं मत त्याच दिवशी बदललेलं मला फारसं दिसलेलं नाही, आणि ते बदलावं म्हणून तुम्ही हे करत असाल तर व्याख्यानमाला बरी.

राहता राहिले वडील. बोलवा, जरूर बोलवा, पण देव न मानणाऱ्या मुलाने भरवलेल्या सभेत माळकरी बाप म्हणून त्यांना सगळ्यांसमोर बसवणं म्हणजे गावाला फुकटचा सामना दाखवणं आहे. त्यामुळे ज्या दिवशी ते येतील त्या दिवशी चर्चा तुम्ही चालवू नका, दुसऱ्या कोणाला द्या, आणि तुम्ही दोघं गोलात समोरासमोर बसू नका, एकाच बाजूला बसा, मधे दोन माणसं ठेवा, आणि त्या दिवशी तुम्ही शक्यतो कमी बोला. आधी घरी त्यांना एवढंच विचारा की मी असं काहीतरी सुरू करतोय, पहिल्यांदा काय विचारावं लोकांना? त्यांनी सुचवलेला प्रश्न चांगला असेल तर तोच घ्या, आणि तो त्यांनी सुचवला हे गोलात सांगायचं की नाही तेही त्यांनाच विचारा. तारीख ठरवताना एकादशी टाळा, आणि आषाढात सुरू करू नका, तुमच्या भागातले निम्मे लोक तेव्हा वारीत असतील, वडीलही.